मांडलेली कचेरी मोडण्याचें वेळापत्रक



घर बांधावें कसें हें सांगणारे पुष्कळ भेटतात. परंतु मांडलेली जागा मोडावी कशी, हा कांहीं समजावून सांगण्याजोगा विषय आहे असें फारसें कोणाच्या मनांत येत नाहीं. मोडण्यास अक्कल ती कसली लागावयाची? हातांत पहार आणि अंगांत जोर असला म्हणजे झालें, अशी आपली सर्वसाधारण समजूत. वयाची साठी जवळ येईपर्यंत माझीहि समजूत ह्याहून निराळी नव्हती. पुढें एका पतसंस्थेचा मानद चिटणीस ह्या नात्यानें, मुंबईंतील एका व्यापारी इमारतींत बावीस वर्षें चाललेली आमची कचेरी उतरवून जागा मालकाच्या स्वाधीन करण्याचें काम मजवर आलें. त्या कामांत जें शिकलों, आणि जें फार उशिरा शिकलों, तें आज आपणांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

प्रथम एक खुलासा. इमारत पाडणें निराळें आणि इमारतीचा अंतर्भाग उतरविणें निराळें. पाडण्याच्या कामांत सारेंच जावयाचें असतें. उतरविण्याच्या कामांत खांब, तुळया, स्लॅब, बाहेरच्या भिंती, जिने आणि लिफ्ट हीं सर्व जशींच्या तशीं रहावयाचीं असतात, आणि भाडेकरूनें आपल्या सोयीसाठीं जें जें आंत घातलें असेल तेवढेंच काढावयाचें असतें. लांकडी पार्टिशनें, फॉल्स सिलिंग व त्यांतील दिवे, थंड हवा फिरविणारे पत्र्याचे डक्ट, विजेच्या आणि टेलिफोनच्या तारा, जमिनीवरील गालिचे, रोखपालाची विटांची खोली, असा तो सारा संसार असतो. आणि हें सर्व करावयाचें तें वरच्या व खालच्या मजल्यांवर इतरांच्या कचेऱ्या चालूं असतांना. फणस फोडणें निराळें आणि गरे न दुखवितां काढणें निराळें, तसाच हा भेद आहे.

आमची जागा कोट विभागांतील एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होती. क्षेत्रफळ सुमारें ६,००० चौरस फूट, म्हणजे साडेपांचशें चौरस मीटरांहून किंचित् अधिक. संस्थेनें स्वतःची जागा घेतल्यामुळें २०१८ सालच्या मे महिन्याच्या ३१ तारखेस हा मजला मालकास परत द्यावयाचा होता. करारांत दोन कलमें होतीं. एक, जागा जशी मिळाली तशी परत करावी. दुसरें, ताबा देण्यास उशीर झाल्यास तेवढ्या दिवसांचें दुप्पट भाडें अनामत रकमेंतून कापून घ्यावें. आमचे सभासद सारे नोकरदार आणि लहान दुकानदार. ती अनामत त्यांच्याच घामाची होती. फेब्रुवारींत सभा भरली तेव्हां एका ठेकेदारानें येऊन सांगितलें, "आठ दिवसांचें काम आहे, मास्तर. वीस तारखेला चावी द्या, अठ्ठावीस तारखेला मोकळा मजला घ्या." आम्हांस तें पटलें. मे महिन्याच्या कामासाठीं फेब्रुवारींत सभा कशाला, असेंहि एकदोघे कुरकुरले.

सभासदांपैकीं एक गृहस्थ निवृत्त इंजिनियर होते. त्यांनीं शांतपणें एकच प्रश्न विचारला : "'जशी मिळाली तशी' म्हणजे कशी?" ह्याचें उत्तर सभेंत कोणाजवळहि नव्हतें. बावीस वर्षांपूर्वीं त्या मजल्यावर काय होतें आणि आम्हीं काय घातलें, हें आठवणारे दोघे. त्या दोघांचेंहि एकमत होईना. शेवटीं मालकाच्या व्यवस्थापकाकडून जुना नकाशा मिळविला, करारास जोडलेली यादी शोधून काढली, आणि मग कळलें कीं, व्हरांड्यांतील सागवानी दरवाजा, आग विझविणारे स्प्रिंकलरचे नळ आणि न्हाणीघरांतील पांढऱ्या लाद्या हें सर्व मालकाचें होतें. ठेकेदाराच्या 'आठ दिवसांत' तेंहि भंगारांत गेलें असतें! ह्या शोधांत तीन आठवडे गेले. पुढें प्रत्येक वस्तूवर खडूनें खूण केली : जावयाच्या वस्तूवर तांबडी फुली, रहावयाच्या वस्तूवर हिरवें वर्तुळ. सर्व मजल्याचे तारीखवार फोटो काढून त्यांची एक प्रत मालकास दिली. वेळापत्रकांतील पहिली रकाना म्हणजे हें वाचन आणि ही यादी. पहार पुष्कळ मागाहून येते.

मग वेळापत्रक लिहावयास घेतलें तें शेवटाकडून. गाडी गांठावयाची असली म्हणजे आपण गाडीच्या वेळेपासून मागें मोजीत येतों, तसेंच येथें. ३१ मे ही तारीख कागदाच्या तळाशीं लिहिली. २८ तारखेस मालकाच्या इंजिनियरासह संयुक्त पाहणी. पाहणींत कांहीं उणें निघालें तर तें पुरें करण्यास तीन दिवस हातीं हवेत. त्यापूर्वीं पांच दिवस डागडुजीचे व सफाईचे : खिळ्यांचीं भोंकें बुजविणें, पार्टिशनें जेथें स्लॅबला जखडलीं होतीं तेथले बोल्ट कापून जागा सपाट करणें, धूळ काढणें. म्हणजे २२ तारखेच्या रात्रीं डेब्रिजची शेवटची गोणी खालीं गेली पाहिजे. येथपर्यंत सर्वांस समजलें. आतां तें सारें खालीं नेण्यास दिवस किती लागणार?

येथें माझ्यांतला शाळामास्तर पुढें सरसावला. काळ, काम आणि वेग ह्यांचीं उदाहरणें मीं मुलांकडून हजारों वेळां सोडवून घेतलीं आहेत. आठ मजूर जर सहा दिवसांत काम करतात, तर सोळा मजूर तीन दिवसांत करतील; त्रैराशिक सरळ आहे. इंजिनियर हंसून म्हणाले, "मास्तर, सोळा मजूर तीन दिवसांत मोडतील खरे, पण लिफ्ट एकच आहे." आणि त्यांनीं जो हिशेब मांडला तो मी आजहि विसरलों नाहीं.

मजल्यावरून निघणाऱ्या मालाचा अंदाज ४० टन. लिफ्ट दहा माणसांची. माणशीं ६८ किलो धरून तिच्या पाटीवर ६८० किलो लिहिलेलें. पण माल कांहीं माणसांसारखा दाटीवाटीनें उभा रहात नाहीं. पत्र्याचा डक्ट वजनानें हलका आणि आकारानें आडदांड. विटांच्या गोणी जड, पण त्या हातगाडीवर चढवून आंत घ्याव्या लागतात. अनुभव असा कीं एका खेपेस सरासरी २५० किलो माल जातो. भरणें, उतरणें, खालीं ओतून परत वर येणें, ह्यास बारा मिनिटें. म्हणजे तासास पांच खेपा. इमारतींतील इतर कचेऱ्यांना त्रास होऊं नये म्हणून लिफ्ट मालासाठीं मिळावयाची ती संध्याकाळीं सातनंतर, आणि रात्रीं दहाला थांबावयाचें, कारण ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणें रात्रीं दहा ते सकाळीं सहा हा काळ रात्रीचा धरला जातो. तीन तासांत पंधरा खेपा, पंधरा खेपांत पावणेचार टन. चाळीस टनांस अकरा संध्याकाळी. मजूर सोळा लावा कीं साठ लावा, संध्याकाळी अकराच!

"मग मोडलेला माल मजल्यावरच ढीग करून ठेवूं," असें कोणी तरी म्हणालें. हा तर त्याहून मोठा घोटाळा. कचेरीचा स्लॅब माणसें, टेबलें आणि कपाटें ह्यांच्या वजनासाठीं बांधलेला असतो. भारतीय मानक ८७५ ह्याच्या दुसऱ्या भागांत कचेरीसाठीं जो भार धरावयास सांगितला आहे तो चौरस मीटरास स्थूलमानानें २५० ते ४०० किलो इतका आहे. फुटक्या विटा व गिलावा ह्यांचा घनमीटराचा ढीग मात्र हजार-बाराशें किलोंच्या घरांत जातो. म्हणजे कमरेइतका उंच ढीग कोपऱ्यांत रचला कीं त्या कोपऱ्यावर मर्यादेच्या तिप्पट-चौपट ओझें पडलें. खालच्या मजल्यावर माणसें कामास बसलेलीं असतात, हें ध्यानांत ठेवावें. म्हणून नियम असा केला कीं, जेवढें त्या संध्याकाळीं खालीं जाईल तेवढेंच त्या दिवशीं मोडावयाचें. सोळांचे सहा मजूर झाले. ठेकेदारास हें मुळींच आवडलें नाहीं, कारण त्याची माणसें दुसरीकडे अडून रहाणार होतीं.

अकरा संध्याकाळी, मालास लिफ्ट बंद असणारे दोन रविवार आणि हुकलेली एक संध्याकाळ धरून दोन आठवडे : ९ ते २२ मे. त्याच्या आधीं एक आठवडा, २ ते ८ मे, वीज, पाणी, गॅस आणि आगीची घंटा हीं सर्व तोडून वेगळीं करण्यास. म्हणजे १ मे रोजीं आमचें सामान बाहेर पडलेलें असलें पाहिजे. एप्रिलचा शेवटचा आठवडा स्थलांतराचा. मार्च-एप्रिल हे महिने निविदा, परवानग्या आणि तपासणी ह्यांचे. आठ दिवसांचें काम अशा रीतीनें फेब्रुवारीपर्यंत मागें सरकलें, आणि सभा लवकर घेतली म्हणून कुरकुरणारे गप्प झाले.

तपासणीविषयीं थोडें विस्तारानें सांगतों, कारण हा भाग बहुतेक वेळापत्रकांत नसतोच. जुन्या कचेरींत वीस-तीस वर्षांपूर्वींचे जे तक्ते, नळांवरील वेष्टणें आणि मीटरांमागील फळ्या असतात, त्यांत अॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. त्याचे तंतू इतके सूक्ष्म कीं डोळ्यांस दिसत नाहींत. श्वासाबरोबर फुप्फुसांत गेले कीं तेथेंच रहातात, आणि त्यांनीं होणारे रोग कित्येकदां वीस, तीस, चाळीस वर्षांनीं प्रकट होतात. इंग्लंडांत १९९९ सालीं त्याच्या वापरावर बंदी आली. आपल्या देशांत सिमेंटच्या पत्र्यांच्या रूपानें तो सर्रास वापरांत राहिला. संशयित जागेचा तुकडा पाण्यानें भिजवून काढावा, बंद पिशवींत घालून प्रयोगशाळेकडे धाडावा आणि उत्तर येईपर्यंत त्या जागेस हात लावूं नये. उत्तर येण्यास दिवस लागतात, म्हणून ही तपासणी कचेरी चालूं असतांनाच उरकावी. आमच्या येथें मीटरामागची एक फळी तशी निघाली. ती न फोडतां, ओली करून, स्क्रू काढून अखंड उतरविली आणि जाड प्लास्टिकांत गुंडाळून निराळी पाठविली. पूर्वीं ठाऊक होतें म्हणून हें साधलें. मोठ्या प्रमाणावर ह्याच गोष्टीनें किती काळ खाल्ला जातो ह्याचें उदाहरण म्हणून ब्रुसेल्स शहरांतील बेर्लेमाँ ही युरोपीय आयोगाची प्रसिद्ध इमारत सांगतां येईल. अॅस्बेस्टॉसमुळें ती १९९१ सालीं रिकामी करावी लागली, आणि आंतील सारें काढून ती नव्यानें सजवून आयोग तेथें परत रहावयास आला तो २००४ सालीं.

आतां प्रत्यक्ष काढण्याचा क्रम. ज्या क्रमानें कचेरी मांडली त्याच्या बरोबर उलट क्रमानें ती मोडावी, असें प्रथमदर्शनीं वाटतें. तें अर्धेंच खरें आहे. आधीं सुटें सामान, पडदे, फळे. मग कांचा, कांच कधींहि शेवटावर ठेवूं नये, कारण घणाचा एक हादरा तिला पुरे होतो. मग दिव्यांच्या नळ्या, एकेक हातानें काढून खोक्यांत. त्या नळ्यांत पारा असतो, त्या गोणींत फोडून भरणें म्हणजे मजुरांच्या छातींत विष भरणें होय. त्यानंतर फॉल्स सिलिंग, त्यावरचे डक्ट आणि तारा. मग पार्टिशनें, वरून खालीं. मग विटांचें काम. आणि सर्वांत शेवटीं जमिनीवरील आच्छादन. गालिचे प्रथम गुंडाळावे असा मोह सर्वांस होतो, परंतु ते असेपर्यंत खालची जमीन घणांच्या घावांपासून वांचते. कामाची दिशाहि ठरलेली असावी. जमीन सारवणारी बाई जशी दूरच्या कोपऱ्यांतून आरंभ करून दाराकडे मागें मागें सरकत येते, तसें लिफ्टपासून सर्वांत दूरच्या कोपऱ्यापासून लिफ्टकडे यावें. म्हणजे गोणी नेण्याची वाट नेहमीं मोकळी रहाते.

पण ह्या सर्वांच्या आधीं तो एक आठवडा येतो, ज्याविषयीं बोलतांना मला अजून संकोच वाटतो. वीज वेगळी करणें म्हणजे मेन स्विच खालीं ओढणें नव्हे. जुन्या इमारतींत एका मजल्याच्या सिलिंगमधून दुसऱ्या मजल्याच्या तारा जातात. कोणी तरी कधीं तरी सोयीसाठीं ओढलेल्या, ज्यांचा नकाशा कोठेंच नसतो. म्हणून वायरमननें प्रत्येक तार तिच्या उगमापर्यंत पहावी, मृत तारेस एका रंगाची आणि जिवंत तारेस दुसऱ्या रंगाची पट्टी बांधावी, मजल्याचा सारा जुना पुरवठा तोडून कामासाठीं निराळी तात्पुरती तार व दिवे द्यावे, आणि सर्व झाल्यावर लेखी दाखला द्यावा. तसेंच थंड हवेच्या यंत्रांतील वायु मोकळा न सोडतां सिलिंडरांत ओढून घ्यावयाचा असतो. १९८७ च्या मॉन्ट्रिअल कराराच्या मुळाशीं असलेला ओझोनचा प्रश्न अशाच वायूंचा. धुरानें वाजणाऱ्या घंटांना टोप्या घालाव्या लागतात, नाहीं तर धुळीनेंच त्या वाजतात. त्या टोप्या रोज काम संपतांच काढाव्या लागतात. ह्या सर्वांस सात दिवस हे चैनीचे नव्हेत.

आमची नवी जागा वेळेवर तयार झाली नाहीं. सामान १ तारखेऐवजीं ४ मे रोजीं बाहेर पडलें. तीन दिवस गेले होते, आणि ते कोठून तरी भरून काढावयाचे होते. लिफ्टच्या संध्याकाळी कमी करतां येत नव्हत्या. पाहणीची तारीख मालकाच्या हातांत. ठेकेदार म्हणाला, "विजेचें तीन दिवसांत होतें, मास्तर. स्विच बंद करून टाकतों." इंजिनियर त्या दिवसांत बाहेरगांवीं गेलेले. मीं सातांवर रेघ मारून तीन लिहिले आणि सही केली. अनामत रकमेचा विचार डोक्यांत होता. दुसरा कांहीं नव्हता.

आणखी एक गोष्ट मला त्या वेळीं कळली नव्हती. ठेकेदारानें काम फार स्वस्त घेतलें होतें, कारण भंगार त्याचें, असा करार होता. अशा करारांत ठेकेदाराचा नफा तांब्यांत असतो. तांबें तारांत असतें, तारा सिलिंगच्या वर असतात. म्हणून क्रम कांहींहि ठरलेला असो, त्याचा मुकादम सर्वांत आधीं तारांकडे जाणार. भंगाराच्या भावावर काम देणारा मालक आपलें वेळापत्रक, न कळत, भंगाराच्या बाजाराच्या हातीं देतो. ९ तारखेस काम सुरू झालें. दहाव्या तारखेस दुपारीं, गांवाकडून नुकताच आलेला एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा शिडीवर चढून तारांचा जुडगा कापीत होता. आमचा मेन स्विच बंदच होता. त्या जुडग्यांतील एक तार वरच्या मजल्याची होती.

मुलगा वांचला. उजवा हात भाजला आणि त्याचीं दोन बोटें कायमचीं गेलीं. काम बंद झालें, चौकशी झाली, बाहेरचा जाणता वायरमन आणून प्रत्येक तार शोधली, तेव्हां परक्या मजल्यांच्या आणखी चार जिवंत तारा आमच्या सिलिंगमध्यें सांपडल्या. काम पुन्हां सुरू झालें तें १५ तारखेस. तीन दिवस वांचविण्यासाठीं जो आठवडा मीं कापला, त्यानें लिफ्टच्या चार संध्याकाळी घेतल्या. हा हिशेब कोणीहि करावा. मुलाच्या बोटांचा हिशेब ह्यांत येत नाहीं.

अशी चूक आमच्यासारख्या अजाण मंडळींच्या हातूनच होते असें मात्र समजूं नये. अमेरिकेंत न्यूयॉर्क शहरीं डॉइश बँकेची चाळीसएक मजल्यांची इमारत होती. २००१ च्या सप्टेंबरांतील विमानहल्ल्यांत शेजारचा मनोरा कोसळून तिची दुर्दशा झाली, आणि पुढें ती वरून खालीं मजल्यामागून मजला उतरविण्याचें ठरलें. वरचे मजले उतरविणें आणि खालच्या मजल्यांतून विषारी धूळ व अॅस्बेस्टॉस काढणें अशीं दोन्ही कामें एकाच वेळीं चाललीं होतीं. धूळ बाहेर जाऊं नये म्हणून जिन्यांचीं तोंडें फळ्यांनीं बंद केलेलीं होतीं, आणि आगीच्या बंबांसाठीं जो मुख्य उभा नळ असतो त्याचा तळघरांतील सुमारें ४२ फूट लांबीचा तुकडा सफाईच्या कामाच्या वेळीं काढून टाकलेला होता. १८ ऑगस्ट २००७ रोजीं सतराव्या मजल्यावर आग लागली. जवानांनीं खालून पाणी सोडलें. तें वर न चढतां तळघरांत वाहून गेलें. सुमारें एक तास आगीवर पाणी पडलें नाहीं. धुरांत कोंडून अग्निशामक दलाचे दोन जवान मेले. तेथें कायद्यांची, इंजिनियरांची किंवा पैशाची वाण नव्हती. एक काम दुसऱ्या कामाच्या आड येत आहे, आणि सर्वांत शेवटीं काढावयाची वस्तु मध्येंच निघून गेली आहे, हें पहाणारें वेळापत्रक नव्हतें.

तेव्हांपासून मी कोणासहि सांगतों कीं, 'काय कधीं काढावयाचें' ह्या यादीच्या शेजारीं 'काय कधींपर्यंत काढावयाचें नाहीं' अशी दुसरी यादी लिहा. आगीचा उभा नळ आणि त्याचा बंब, जिन्याची वाट व जिन्यांतील दिवे, तात्पुरती वीज, आग विझविण्याचीं नळकांडीं, पिण्याचें पाणी आणि एक शौचकूप. शेवटची गोणी गेली तरी हीं राहिलींच पाहिजेत. पिण्याच्या पाण्याचा नळ पहिल्याच दिवशीं कापून मजुरांना दिवसभर तहानेलें ठेवणारीं कामें मीं पाहिलीं आहेत. त्यास कोणताहि कायदा लागत नाहीं, नुसती माणुसकी लागते.

मालाच्या विल्हेवाटीविषयीं फार सांगत नाहीं. २०१६ सालीं बांधकामाच्या कचऱ्याविषयीं जे नियम झाले, त्यांत दिवसास २० टन किंवा एका कामाचा महिन्यास ३०० टन ह्याहून अधिक कचरा करणारांस आधीं आराखडा सादर करण्यास आणि काँक्रीट, माती, पोलाद-लांकूड-प्लास्टिक, विटा-गिलावा असे निरनिराळे ढीग करण्यास सांगितलें होतें. आमचा माल त्या मर्यादेच्या पुष्कळ खालीं. तरी वेगळा केला, आणि त्यांत तोटा झाला नाहीं. सागवानी चौकटींस जुन्या लांकडाच्या बाजारांत चांगली किंमत आली, लोखंड दारुखान्याकडे गेलें. प्लायवुडला मात्र कोणी विचारीना. जिप्समचे तक्ते कोरडे असेपर्यंतच हलके असतात. पावसाच्या एका सरीनें त्यांचा लगदा होऊन गोणीचें वजन दुप्पट होतें. मुंबईंत असें काम जूनच्या आधीं संपवावें तें एवढ्याचसाठीं. आमचे तक्ते कोरडेच गेले, तेवढें एक बरें झालें.

मालकाच्या व्यवस्थापकानें अपघाताची हकीकत कळल्यावर २० तारखेचा रविवार लिफ्टसाठीं आपण होऊन मोकळा करून दिला. शेवटची गोणी २५ तारखेस खालीं गेली. डागडुजी व सफाई काम चालूं असतांनाच मागल्या बाजूनें सुरू केली होती. पाहणी २८ ऐवजीं ३० तारखेस झाली. मालकाच्या इंजिनियरानें फोटो आणि यादी हातांत घेऊन हिरवीं वर्तुळें एकेक करून मोजलीं, व्हरांड्यांतील सागवानी दरवाजा उघडून मिटून पाहिला, आणि दोन बोल्टांचीं डोकीं पुन्हां घासावयास सांगितलीं. तीं ३१ तारखेस सकाळीं घासलीं. दुपारीं तात्पुरते दिवे उतरविले, नळकांडीं जिन्यानें खालीं नेलीं आणि चावी दिली. अनामत महिन्याभरानें पुरी परत आली. तींतून कांहीं रक्कम त्या मुलास द्यावी असा ठराव सभेनें एकमतानें केला. ती पुरेशी होती असें मी म्हणणार नाहीं.